तिसऱ्या संगणकातले सहा जण

निवृत्तीनंतर माझ्या दुपारी जालन्यातल्या एका संगणक प्रशिक्षण केंद्रात, तिसऱ्या क्रमांकाच्या संगणकासमोर जात असत. तासाचे पैसे भरून मी तिथे एक परदेशी खेळ खेळत असे. सहा वीर घडवायचे, त्यांना भुयारांत न्यायचे, राक्षसांशी लढवायचे आणि एक भाग संपला की तेच सहा जण पुढच्या भागात उतरवायचे, अशी ती मालिका होती. उभे आयुष्य दिवाणी न्यायालयात कारकुनी केलेल्या माणसाला त्यात काय सापडले, असे लोक विचारत. मला त्यात नियम सापडले. तलवार कोणी धरावी, मंत्र दिवसातून किती वेळा म्हणता येईल, हे आधी ठरलेले असे आणि माणूस पाहून बदलत नसे. प्रत्येक भुयाराचा नकाशा मी आलेख-कागदावर पेन्सिलीने काढला. दोन भाग असे पार झाले; तिसरा केंद्रात यायचा होता.

केंद्राच्या दारावर पाटी होती: बाहेरील फ्लॉपी आणण्यास सक्त मनाई. व्हायरसच्या भीतीने लावलेली. इतर सगळे खिशात फ्लॉपी घालून येत; मी आणली नाही. परिणामी माझे सहा जण त्या एका यंत्राबाहेर कुठेही नव्हते.

एका सोमवारी मालकाने जाहीर केले की व्हायरस शिरलाच आहे. शनिवारी दुपारी सगळे संगणक फॉरमॅट होतील, आतले सर्व पुसले जाईल. मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला: एक फ्लॉपी आणून माझा खेळ उतरवून घेण्याची परवानगी मिळावी. तोंडी परवानगी उद्या नाकारता येते, म्हणून अर्ज रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवला. पुढचे चार दिवस मी केंद्रात जाऊन बसलो, मालकाच्या टेबलासमोरून ये-जा केली आणि विषय काढला नाही. प्रकरण लेखी दाखल असताना तोंडी बोलणे मला अनुचित वाटले.

शनिवारी पोस्टमनने तेच पाकीट माझ्या हातात परत ठेवले. वर शेरा होता: घेण्यास नकार.

मी फ्लॉपी खिशात टाकून तडक केंद्र गाठले. पहिला संगणक पुसून झाला होता आणि तिथे शिकवणारी मुलगी दुसऱ्यावर काम करत होती. मी पाकीट मालकापुढे आपटले. तो वाटूरकडच्या शेतकरी घरातला, पस्तिशीचा माणूस. पाकीट पाहून आधी मागे सरकला.

“काका, हे तुमचं होतं? रजिस्टर म्हणलं की आमच्याकडं कोर्टाचाच कागद असतो. वडलांनी एकदा सही केली, तवापासून तारखाच चालू हायेत. घरात कोणीच घेत न्हाई.”

मी त्याला सांगितले की योग्य पत्त्यावर पाठवलेले आणि नाकारलेले रजिस्टर पत्र कायद्याने मिळालेलेच मानले जाते. सबब माझा अर्ज त्याला ज्ञात आहे आणि तो डावलून यंत्राला हात लावण्याचा त्याला अधिकार नाही. तो म्हणाला, न वाचलेलं कसं ज्ञात होईल? मी पोटकलमासह समजावले. तो हट्टाला पेटला, मीही पेटलो. बराच वेळ गेला. शेवटी त्याने हात जोडले.

“बरं, चुकलं माझं. पण तुम्ही रोज इथंच बसून राह्यले ना? तोंडानं सांगितलं असतं तर मंग दोन मिनिटांचं काम होतं. काय उतरवायचं ते बोला जल्दी.”

आम्ही दोघेही वळलो. मुलगी तिसऱ्या संगणकापुढे बसली होती. काळ्या पडद्यावर पांढरा आकडा वाढत होता: एकतीस टक्के. मालकाने धावत जाऊन तो थांबवला. मुलगी आमच्याकडे पाहत म्हणाली, आता थांबवून काही उपयोग नाही. आमचे भांडण तिला ऐकू येत होते. फॉरमॅटशी त्याचा संबंध आहे, हे आम्हा दोघांपैकी कोणीच तिला सांगितले नव्हते.

सोमवारी गेलो तेव्हा तिसऱ्या यंत्रासमोरची खुर्ची रिकामी ठेवलेली होती. मालकाने विचारले, खेळ पुन्हा टाकलाय, नवे सहा बनवता का? मी म्हणालो, आधी फ्लॉपीची परवानगी लेखी द्या. त्याने कोऱ्या कागदावर लिहून दिली, खाली केंद्राचा शिक्का मारला. तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मी पहिल्या वीराचे नाव टंकायला घेतले.