सील ठोकलेली विहीर

उमेळ्यात आमची केळीची वाडी काकांच्या वाडीला लागून होती. काका म्हणजे पप्पांचे सख्खे चुलतभाऊ. त्यांच्या विहिरीवर रोज टँकर भरायचे, कारण वसई रोडला इमारती उठल्या होत्या आणि तिथे नळाला पाणी नव्हतं. उपसा इतका वाढला की आमच्या विहिरीचं पाणी खारट झालं, केळीची पानं कडेने करपायला लागली.

विकण्यासाठी पाणी उपसायला सरकारी बंदी आली होती, पण ती पाळत कोणीच नव्हतं. पप्पा शाळामास्तर. त्यांनी तहसील कचेरीत स्वतःच्या भावाविरुद्ध तक्रार दिली.

अधिकारी पोलीस घेऊन आले, पंपाला सील ठोकलं. सील तुटलं तर थेट आत टाकू, असं काकांना बजावून गेले. ते जाताच काका कोयता घेऊन आमच्या वाडीत शिरले आणि घड धरलेल्या केळी आडव्या करत सुटले. पप्पा मध्ये पडले. कोयता त्यांच्या दंडात गेला.

"आता जा कचेरीत," काका म्हणाले.

पप्पा गेले नाहीत. आईने जखम बांधली. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं.

पुढच्या रविवारी आम्ही चर्चमधून, म्हणजे आमच्या देवळातून, मिस्सा आटोपून परतत होतो, तेव्हा काकूची किंकाळी ऐकू आली. टँकरवाल्यांनी स्वतःच सील फोडून पाइप विहिरीत सोडला होता. तुरुंगाच्या भीतीने काका आडवे आले होते. ड्रायव्हर लोखंडी पहारीने त्यांच्या गुडघ्यावर घाव घालत होता. मला हाड मोडल्याचा आवाज आला.

पप्पा धावले. आईने काकांच्या पडवीतला कोयता उचलून पाइपच कापला. ड्रायव्हरच्या माणसाने तिला केसांना धरून विहिरीच्या कठड्यावर आपटलं. मी हाताला लागलेली वीट त्याच्या तोंडावर मारली. त्याच्या ओठातून रक्त उडालं आणि मला बरं वाटलं.

तेवढ्यात देवळातून परतणारं सगळं गाव आत घुसलं. ड्रायव्हरचा तो माणूस कुंपणावरून पळाला. ड्रायव्हर सापडला. ज्यांच्याबरोबर मी आताच गुडघे टेकून प्रार्थना केली होती, ती माणसं त्याला लाथांनी तुडवत होती. कोणी त्याचीच पहार उचलली. तेव्हा पप्पा त्याच्या अंगावर पालथे पडले. पहार त्यांच्या बरगड्यांवर बसली, आणि मगच लोक थांबले.

सरकारी दवाखान्यात पप्पा आणि काका शेजारच्या खाटांवर होते.

"त्याला कशाला वाचवलंस?" काकांनी विचारलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ते पप्पांशी बोलले होते.

"मरत होता तो," पप्पा म्हणाले. "आणि मारणारे आपले होते."

खटला गावातल्या पोरांवर झाला. टँकरच्या मालकाला कोणी हात लावला नाही. विहिरीला पुन्हा सील लागलं, आणि टँकर पुढच्या गावाला जाऊ लागले. आमचं पाणी काही पुन्हा गोड झालं नाही. केळीच्या जागी पप्पांनी नारळ लावले; नारळ खारं पाणी सोसतो. खड्डे खणायला काका यायचे. मोडलेला पाय लांब पसरून, बसल्या बसल्या खणायचे. पप्पांच्या दंडावरच्या त्या व्रणाबद्दल दोघं कधीच बोलले नाहीत.