शालिनीबाईंच्या चित्रातली रिकामी जागा

शालिनीबाईंची आणि माझी ओळख कापडावरून झाली. मी तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होतो. बदलापूरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या बाई आल्या आणि चित्रासाठी डेनिम मागू लागल्या. आभाळ रंगवायचा कंटाळा आलाय, म्हणाल्या, तुमच्याकडे ते आयतंच निळं आहे.

बाई अतिवास्तववादी चित्रकार आहेत, हे मला फार पुढे कळलं. आधी एवढंच कळलं, की त्यांच्या चित्रात कुळगावातली घरं उल्हास नदीवर पाणी प्यायला जातात आणि अंबरनाथच्या धुराड्यांतून मासे बाहेर पडतात. सकाळी चहाच्याही आधी त्या रात्रीचं स्वप्न वहीत लिहितात. चित्राचा अर्थ विचारणाऱ्याला त्या उलट विचारतात, की काल तुम्हाला काय स्वप्न पडलं? माणूस सांगत बसतो आणि अर्थाचं विसरून जातो.

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो. पहिल्या प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी बाईंनी दोन वर्षं खपून केलेलं चित्र कडा शिवायला माझ्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी घाईत कापडाचे थर लावताना मी तेच वर पसरलं, रंगवलेली बाजू खाली. पाठीमागून सगळं डेनिम सारखंच दिसतं. कापायची मशीन फिरली. तुकडे उचलताना पँटच्या एका मांडीवर माशाचा डोळा दिसला आणि तो तुकडा घेऊन मी मालकांकडे गेलो. आमचे सेठ शांतपणे म्हणाले, "मास्टर, ये पैंट पहनेगा कौन?"

तुकड्यांची पिशवी घेऊन कुळगावात बाईंच्या दारावरून मी दोनदा मागे फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो, तेव्हा बाईंनी तुकडे जमिनीवर मांडले.  मग पँटचा एक पाय उलटा फिरवून म्हणाल्या, "मास्टर, बघा, हे घर आत्ता कुठे चालायला लागलं."

आठ दिवस त्या सांगत गेल्या आणि मी शिवत गेलो. मधला एक तुकडा मात्र नव्हता. आभाळातल्या खिडकीत बाईंनी आपल्या आईचा चेहरा काढला होता आणि पात्याने तो नेमका मधोमध चिरला होता. तो दाखवायचा मला धीर झाला नाही. चिंध्यांत गेला असेल, असं मी खोटं सांगितलं. बाईंनी ती जागा तशीच ठेवली. प्रदर्शनात एका विद्वानांनी त्या रिकाम्या जागेवर वीस मिनिटं भाषण केलं. मी आपल्या चपलांकडे बघत उभा होतो. चित्राखाली बाईंच्या नावाशेजारी माझंही नाव होतं, त्यांच्याच अक्षरात.

पुढे मोरिवलीतल्या त्यांच्या रविवारच्या वर्गात चाळिशी उलटलेला विद्यार्थी म्हणून मीही बसू लागलो. हातात पेन्सिल धरायला बाईंनीच शिकवलं. तरी ते खोटं मनात सलत राहिलं. बाईंच्या पंचाहत्तरीसाठी हा लेख लिहायला घेतला तेव्हा जाऊन सगळं कबूल केलं.

बाई हसल्या. "मला त्याच दिवशी कळलं होतं. पिशवी रिकामी केलीत, पण एक हात खिशातून बाहेर काढला नाहीत." तुकडा पुढे केला, तर त्यांनी माझी मूठ मिटवली. "ठेवा तुमच्याकडेच. चित्र पुरं झालं तर मी करू काय?"

म्हणून बाई, तुमच्या पंचाहत्तरीला मी मुद्दाम रिकाम्या हाताने येतोय. गुडघ्यांना जपा, स्वप्नं पडू द्या. तुमच्या शंभरीला सुईदोरा घेऊन येईन, तेव्हा आईंना खिडकीत बसवू.