चार बोटांची ठासणी

नाथाजी हवालदारांना मी तात्या म्हणतो. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत. तरी आमची मैत्री आहे. गावात पाइप ओढणारे दोघेच, आणि पाइपाविषयी निमूट ऐकून घेणारा मी एकटा.

पाइप ओढणारे दुसरे म्हणजे लालासाहेब जमादार. दोघे एकाच गल्लीतले. एकाच दिवशी साताऱ्याला जाऊन भरती झाले. इटलीच्या डोंगरात एकाच खंदकात राहिले. लालासाहेब जमादार होऊन परत आले, तात्या एक पायरी खाली, हवालदार. निघताना त्यांच्या कप्तानाने दोघांना एकेक पाइप दिला. पाइप सारखेच होते. तात्यांनी ते शेजारी ठेवून पाहिले होते. लालासाहेबांच्या पाइपाच्या लाकडाला रेघा जास्त आहेत, असे त्यांनी मला तीनदा सांगितले.

तात्या सगळेच असे मोजत. लालासाहेबांच्या उसाला कांडी किती, लालासाहेबांच्या दारात माणसे किती. लढाईत दोघांना जखमा झाल्या होत्या. लालासाहेबांना अकरा टाके पडले, तात्यांना सात. मांडीवरचा व्रण दाखवताना तात्या म्हणत, "सातच."

एका गोष्टीत मात्र लालासाहेब खाली होते. आमच्या गावात बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी वेशीत कर बांधतात. कर म्हणजे गवताचा जाड दोर, त्याला लिंबाचा पाला खोवलेला. मानाची जोडी धावत येते आणि छातीने तो दोर तोडते. त्यानंतरच बाकीचे बैल गावात शिरतात. हा मान तात्यांच्या घराचा. आजोबांपासूनचा. बैल मात्र अव्यंग लागतो. तात्यांचा हरण्या खिलारी होता, पांढराशुभ्र, आणि त्याची शिंगे वीणेच्या दांडीसारखी मागे गेलेली. वर्षातला तो एक दिवस तात्या काही मोजत नसत.

लढाईवरून आणलेला डब्यातला तंबाखू शेहेचाळीसच्या दिवाळीला संपला. मग दोघे सांगलीच्या बाजारातला तंबाखू भरू लागले. हा तंबाखू दांडगा. पेटला की फुगून वर येतो. दर चार झुरक्यांनी तो दाबावा लागतो. तात्या अंगठ्याने दाबत. अंगठा काळा पडला, मग भाजला, मग त्याला घट्टा पडला. कप्तानाकडे दाबायला एक चांदीची लहानशी वस्तू होती, असे ते सांगत. तिचे नाव त्यांना आठवेना.

"बीए," त्यांनी मला विचारले, "हेला मराठीत काय म्हनायचं?"

मी सांगलीच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. तात्या मला त्याच नावाने हाक मारत. त्यात थोडा मान होता आणि थोडी थट्टा. मी म्हटले, ठासणी म्हणा. ठासणीच्या बंदुकीत दारू ठासतात, तशी ही.

"ठासनी," तात्यांनी शब्द तोंडात घोळवला. "ब्येस हाय."

आठ दिवसांत तो शब्द गावभर झाला. तात्यांनीच केला. मग आम्ही सांगलीला ती वस्तू घ्यायला गेलो. लोखंडी सामानाच्या दुकानात तात्यांनी ऐटीत पाइपाची ठासणी मागितली. दुकानदाराने विचारले, पाइप किती इंची, आणि इंजिन कुठले. तात्यांनी खिशातून पाइप काढून दाखवला. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "याला पानी किती येतं, हवालदार?"

त्याच सुमारास, चैत्रात, लालासाहेबांच्या रानात बिराप्पाची मेंढरे बसली होती. बिराप्पा कवठे महांकाळकडचा धनगर. दर वर्षी कळप घेऊन नदीकाठी येतो. ज्याच्या रानात मेंढरे बसतात, त्याच्या रानाला खत होते, आणि तो धनगराला धान्य देतो. मेंढरे राखताना बिराप्पाचे हात रिकामे नसत. त्याचा एक जुना मेंढा त्या साली मेला. त्याच्या शिंगातून त्याने लालासाहेबांना एक ठासणी करून दिली. चार बोटे लांब. खाली सपाट, वर निमुळती, मधे एक बारीक पीळ, शिंगाचा मूळचाच.

लालासाहेब ती पारावर घेऊन आले. लोकांनी हातात घेऊन पाहिली. कोणीतरी म्हणाले, "लालासाहेबांची ठासनी लय झ्याक हाय." तात्या माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

घरी येताना ते म्हणाले, "शब्द माझा. आन वस्तू त्येची."

दुसऱ्या दिवशी ते बिराप्पाकडे गेले. मीही होतो. बिराप्पाने घोंगड्यावर बसायला जागा दिली आणि त्यांचे ऐकून घेतले. "करून देतो की, हवालदार," तो म्हणाला. "पर त्यो मेंढा एकच हुता. त्येच्यावानी व्हनार न्हाई. सांगून ठेवतो."

"मग नगं," तात्या उठले. वाटेत ते पुटपुटले, मेल्या जनावराचं शिंग तोंडाजवळ न्यायचं म्हणजे काय.

मग ते स्वतः करायला बसले. आधी लिंबाचे लाकूड घेतले. तंबाखू कडू झाला. मग बाभळीचे. त्याचे टोक जळून पाइपातच राहिले. मग पितळेच्या काडतुसाचे नळकांडे. ते इतके तापले की तात्यांच्या हातून पाइप पडला आणि धोतराला भोक पडले. त्यांची बायको मनुबाई म्हणाली, आता धोतरालाच ठासा. तात्या हसले नाहीत. त्यांनी मला लालासाहेबांकडे पाठवले. ठासणी बघायला म्हणून जा, म्हणाले, आणि सुताने मापून ये.

मी गेलो. लालासाहेबांनी ठासणी माझ्या हातात दिली आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड केले. माझे मापून झाल्यावर म्हणाले, "नाथानं धाडलं न्हवं? पायजे तर घिऊन जा म्हनावं. मला अंगठा हाय."

हे मी तात्यांना सांगितले नाही. फक्त सूत दिले.

ज्येष्ठात बिराप्पा कळप घेऊन आपल्या मुलखाला परत गेला. बेंदूर आठ दिवसांवर आला. बैलांची शिंगे साळायला जोतीराम आला. तो दर वर्षी येतो. शिंगे तासून गुळगुळीत करतो, वेडेवाकडे टोक असेल तर कापतो, वर तेल चोळतो. तात्यांनी हरण्याला गोठ्याबाहेर काढले. मला वेसण धरायला सांगितली. मग खिशातून ते सूत काढले आणि हरण्याच्या डाव्या शिंगाच्या टोकाला लावले.

जोतीरामाला आधी कळले नाही. कळल्यावर त्याने कानस खाली ठेवली.

"हवालदार, दोन बोटं काढतो," तो म्हणाला. "दरसाल साळून टोक कमी झालंय. म्होरं आत जीव हाय."

"चार."

"चार न्हाई जमायचं."

"त्येची चार बोटांची हाय," तात्या म्हणाले.

जोतीरामाने हत्यारे गोळा केली आणि तो दुसऱ्याच्या दारी निघून गेला. करवत तात्यांची स्वतःची होती. तात्यांना बैलातले कळत नव्हते असे नाही. आसपासच्या दहा गावांतली माणसे बैल विकत घेताना त्यांना सोबत नेत. शिंगात पोकळी कुठे सुरू होते, हे ते नुसत्या बोटाने चाचपून सांगत. त्या दिवशी त्यांनी शिंग चाचपून पाहिले नाही. सूत पाहिले.

मी वेसण सोडायला हवी होती. सोडली नाही. हरण्या सुरुवातीला उभा राहिला. रोजचा हात होता. करवत अर्ध्यावर गेली तेव्हा त्याने मान झटकली. मग शिंगावरून रक्ताची धार आली. शिंग पांढरे होते, त्यामुळे ती फारच लाल दिसली. तात्या थांबले. टोक अजून अडकलेले होते. त्यांनी दोन हात आणखी मारले आणि ते काढले.

मनुबाई हळद आणि जळक्या चिंधीची राख घेऊन धावत आली. तिने शिंग भरले, वर फडके बांधले. नवऱ्याकडे तिने पाहिलेही नाही. बैलाच्या गालाला हात लावून ती म्हणाली, "तुझं काय चुकलं रं, लेकरा?" पुढचे तीन दिवस ती घरात त्या बैलाशीच बोलत होती.

त्या तीन दिवसांत तात्यांनी ठासणी केली. टोकाकडचा भाग भरीव होता. खालच्या पोकळीत त्यांनी शिंगाचाच तुकडा घट्ट बसवला. काचेने तासली. राख आणि खोबरेल लावून घासली. शेवटी आपल्याच गालावर फिरवून पाहिली. खरे सांगतो, ती सुंदर झाली होती. दुधात थोडा मध पडावा तसा रंग. टोकाकडे काळी रेघ.

ओसरीवर बसून त्यांनी पाइप भरला, पेटवला, ठासणीने दाबला. समोर हरण्या डोक्याला फडके बांधून उभा होता.

"बीए, त्येच्यापरीस चांगली हाय का न्हाई?"

मी म्हटले, आहे. ते खोटे नव्हते. म्हणूनच मला बोलायला वेळ लागला.

बेंदराच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, गावातली वडील माणसे आली. ती कोणी रागावली नाहीत. फडक्याकडे पाहिले, खाली बसली, पाऊसपाण्याचे बोलली. मग त्यातले दादासो म्हणाले, बैलात व्यंग आले, यंदा कर तुमच्या जोडीने तोडता यायचा नाही. पुढचा मान लालासाहेबांच्या जोडीचा. तात्यांनी मान हलवली. पाहुण्यांना पान दिले.

बेंदराच्या सकाळी लालासाहेब आले. एकटे नव्हते. कासरा हातात, मागे त्यांचा सोन्या, शिंगे रंगवलेला, अंगावर झूल. बैल त्यांनी तात्यांच्या अंगणात उभा केला.

"नाथा," ते म्हणाले, "तुझ्या माणक्याच्या जोडीला ह्यो लाव. मान तुझ्याच घरात ऱ्हाईल. म्या पंचांस्नी इचारलंय."

माणक्या हा हरण्याचा जोडीदार. त्याला काही झाले नव्हते.

तात्या सोन्याकडे पाहत होते. "तुझ्या बैलानं तोडल्याव मान माझा कसा?"

"जू तुझं. कासरा तुझ्या हातात."

"आन बैल तुझा."

"आरं, खंदकात तुझी पानी प्यायची बाटली मी तोंडाला लावलीया. बैलाचं काय घिऊन बसलायस?"

मला वाटले, तात्या आता हो म्हणतील. मनुबाई दारात उभी होती. तिलाही वाटले असावे. तिने ओवाळायचे ताट हातात घेतले होते.

"जा तू," तात्या म्हणाले. "तूच तोड."

लालासाहेबांनी कासरा वळवला. ते गल्लीच्या टोकाला गेल्यावर तात्या मला म्हणाले, "बघितलंस? द्याचं बी त्येलाच जमतंय."

दुपारी हलगी सुरू झाली. तात्या घरातच बसले. मला म्हणाले, जाऊन बघ, किती हिसक्यांत तुटतोय. मी वेशीत जाऊन उभा राहिलो. लालासाहेबांची जोडी धुरळा उडवत आली. कर पहिल्याच हिसक्याला तुटला. लोकांनी कराचा पाला शुभ म्हणून उचलून घरी नेला. मी येऊन तात्यांना सांगितले.

"गेल्या साली आपल्या हरण्याला दोन लागले हुते," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जवळ बसवले. गावात काय सांगायचे ते शिकवले. नाथाजीचा मान कोणी काढून घेतला नाही. नाथाजीने आपणहून दिला. बैल दुखावला म्हणून नव्हे, जुना सोबती म्हणून. "तू शिकल्याला हायस. तू सांगितलंस तर खरं वाटंल."

मी सांगितले. चार घरी सांगितले, मग पारावर सांगितले. पारावर लालासाहेब बसलेले होते, हे मला बोलायला लागल्यावर दिसले. दादासो, जे स्वतः पंचांत होते, ते हसले आणि लालासाहेबांकडे वळले. "काय जमादार, बीए काय म्हनतोय? नाथानं दिला व्हय मान?"

लालासाहेबांनी तोंडातला पाइप काढला. माझ्याकडे पाहिले. राग नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "नाथानंच दिला."

त्याला आता दोन वर्षे झाली. हरण्याचे शिंग भरून आले, पण आखूडच राहिले. मान लालासाहेबांच्या जोडीकडे आहे. गावात मात्र सगळे, लालासाहेबसुद्धा, तेच सांगतात: नाथाजीने सोबत्याला मान दिला, असा माणूस मिळायचा नाही. बाहेरगावचे पाहुणे तात्यांच्या ओसरीवर येऊन त्यांना तसे म्हणतात. तात्या ऐकतात. त्यांना जे हवे होते, ते मिळाले असे मी समजत होतो.

यंदाच्या बेंदराला आम्ही दोघे वेशीपासून लांब, बांधावर बसलो होतो. कर तुटल्याचा गलका ऐकू आला. किती हिसके लागले, हे त्यांनी या वेळी विचारले नाही. पाइप विझला होता. ते तो पेटवत नव्हते.

"लोकं इचारत्यात तवा त्येनं एकदा तरी न्हाई म्हनाय पायजे हुतं, गड्या," तात्या म्हणाले. "तेवढं तरी वाईट मला त्येच्यात घावलं असतं."