खूण नसलेली पिन

रेइनो कांगस शनिवारी सौनाला, म्हणजे आमच्या वाफेच्या अंघोळीला, आला नाही, तेव्हा आम्हाला वाटलं, गेला बिचारा. बहात्तर वय, गुडघे कुरकुरणारे, आणि एक्केचाळीस वर्षांत एकदाही न चुकलेला शनिवार. पण सोमवारी तो माझ्या खिळे-काडतुसांच्या दुकानात येऊन एक बारीक कानस घेऊन गेला. दुसऱ्या शनिवारी पुन्हा आला नाही. जिवंत फिनिश माणूस सौना चुकवतो याचा आमच्या गावात एकच अर्थ होतो. त्याने काहीतरी केलेलं असतं.

कारण सौनात खोटं बोलायचं नाही, हा आमचा नियम आहे. तापलेले दगड, त्यांच्यावर ओतलेलं पाणी, डोळ्यांपुढे काही न दिसण्याइतकी वाफ आणि फळ्यांवर बसलेले चार उघडे म्हातारे. अंगावर खिसाच नसतो, खोटं ठेवणार कुठे? ज्याला ते ठेवायचं असतं तो घरीच राहतो आणि सर्दी झाल्याचं सांगतो. रेइनोला पहिल्या आठवड्यात सर्दी झाली, दुसऱ्यात गुडघा दुखला, तिसऱ्यात अंगावर पुरळ उठलं. चौथ्यापर्यंत त्याला बाळंतपणही आलं असतं.

या रेइनोबद्दल आधी सांगायला हवं. लोखंडाची खाण चालू होती तोवर तो तिथे लेथवर होता. खाण बंद झाली, रेइनो बंद झाला नाही. घरामागच्या शेडमध्ये त्याने गावभराची मोडतोड गोळा केली. कुणाच्या बोटीच्या इंजिनाचा दात, कुणाच्या शिवणयंत्राचा पाय, चर्चच्या घंटेचा खिळा, पाद्रीबाबांच्या कवळीचा आकडा. पण त्याची खरी कीर्ती रायफलींची. आमच्याकडे प्रत्येक घरात हरणाच्या शिकारीची एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक असते. दर गोळीला चाप ओढावा लागतो, पण पुढचं काडतूस ती स्वतःच भरून घेते. बनवणारे कारखाने केव्हाच बुडाले. सुटे भाग मिळत नाहीत. मिळतात ते रेइनोकडे, कारण तो ते घडवतो. भिंगाखाली पोलादाचा तुकडा धरून तो असा कानस चालवायचा, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. भाग बसला की तो रायफल वाळूच्या खाणीत नेऊन स्वतः झाडून बघायचा आणि मगच परत द्यायचा. आणि प्रत्येक भागावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कानशीने दोन बारीक रेघा मारायचा. ती त्याची खूण. "आतली वस्तू कुणाची आहे हे निदान वस्तूला तरी कळावं," असं म्हणायचा. असल्या वाक्यांमुळेच त्याच्याशी कुणी फार वेळ बोलत नसे.

सप्टेंबरात सुलो हकालाच्या रायफलीची फायरिंग पिन तुटली. काडतुसाच्या बुडावर टोचा मारते ती काडीएवढी दांडी. ती नसेल तर रायफल म्हणजे महागडी काठी. सुलो हा रेइनोचा शाळेपासूनचा मित्र, आणि शनिवारचा सौना त्याच्याच अंगणातला. सुलोने रायफल शेडमध्ये आणून ठेवली आणि म्हणाला, "पंधरा नोव्हेंबरला शिकार उघडते, त्याच्या आत दे. नाहीतर हरणं माझ्यावाचून खंगतील."

दुसऱ्या दिवशी सुलोची बायको एल्मा आली. हातात वेलदोड्याच्या पावाची गुंडाळी होती, अजून गरम. ती ठेवून ती तशीच उभी राहिली.

"रेइनो, ती पिन करू नकोस."

"का गं?"

"काल त्याने कॉफी कपाच्या शेजारी ओतली. परवा आपल्या पत्रपेटीला हात केला, पोस्टमन समजून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे येत नाही. म्हणतो, जंगलात मला सगळं दिसतं."

"मग त्याला सांग ना, जाऊ नकोस म्हणून."

"सांगितलं. बोलणंच बंद केलं त्याने. एक्केचाळीस वर्षं तुम्ही जंगलातल्या एका खोलीत राहून शिकार करता. त्याला घरी बसवलं तर तो डिसेंबर बघायचा नाही. आणि जाऊ दिला तर तो कुणाला मारील. तूच कर काहीतरी."

रेइनोने केलं. दोन पिना केल्या. एक बरोबर मापाची, दोन रेघांची. दुसरी केसाएवढी आखूड, टोचा मारायला जाते पण पोचत नाही. ही आखूड पिन त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम होतं, आणि तिच्यावर त्याने खूण केली नाही. तीच त्याने रायफलीत बसवली. बरोबरची पिन शर्टाच्या खिशात ठेवली.

"झाडून बघितलीस?" सुलोने विचारलं.

"बघितली," रेइनो म्हणाला.

सुलोने स्वतः तपासली नाही. रेइनोने दिलेली वस्तू तपासणं म्हणजे पाद्रीबाबांना त्यांचा बाप्तिस्म्याचा दाखला मागणं.

पंधरा नोव्हेंबरला सकाळी सुलो मचाणावर बसला. समोर, जे आपल्यालाही चष्म्याशिवाय दिसलं असतं असं, बारा टोकांच्या शिंगांचं हरण येऊन उभं राहिलं. सुलोने चाप ओढला. टिक. हाताने काडतूस बाहेर खेचलं, दुसरं भरलं. टिक. तिसरं. टिक. सुलोच्या म्हणण्याप्रमाणे हरणाने मान वळवून त्याच्याकडे कीव करून पाहिलं आणि ते चालत निघून गेलं. धावलंही नाही. "धावलं असतं तर मान राहिला असता रे," तो म्हणाला.

हे तो माझ्या दुकानात सांगत होता, तीन काडतुसं गल्ल्यावर आपटून.

"तुझी काडतुसं सादळलेली आहेत, कार्ल!"

मी एक उचलून बघितलं. बुड स्वच्छ. टोच्याचा ओरखडासुद्धा नाही. गोळी सादळलेली असती तर बुडाला खळगा पडला असता. इथे पिन पोचलीच नव्हती. मला कळलं. आणि हेही कळलं की रेइनो कांगस असली चूक झोपेतही करणार नाही. ओरखडा नाही हे सुलोला दिसलं नाही, कारण सुलोला काहीच दिसत नव्हतं. मी काय केलं? "बदलून देतो," म्हणालो आणि दुसऱ्या कंपनीची काडतुसं दिली. नंतर तिसऱ्या. माझ्या प्रामाणिकपणाची चव गावाने पुष्कळदा घेतली आहे, त्या आठवड्यात ती नासली होती.

शेवटी एक दिवस दुकानात कुणीतरी बोललाच. गुस्ताफ नावाचा आमचा एक लाकूडतोड्या आहे, तोंडाने जंगलं साफ करतो. "सुलो, काडतुसांचं काही नाही. रेइनोचा हात गेला आता. म्हाताऱ्याला मापच कळत नाही."

सुलो वळला. एवढा शांत माणूस, पण इतक्या झटक्यात की त्याची टोपी खाली पडली. "गुस्ताफ, रेइनोच्या कामाला नाव ठेवायचं तर माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस. त्याचा हात गेलेला नाही. माझंच बोट गेलंय. चाप नीट ओढत नाही मी. कळलं?"

खिळ्यांच्या फडताळामागे रेइनो उभा होता. त्याच्या हातात पाव किलो खिळे होते. ते त्याने परत डब्यात ओतले, एकेक करून, आणि मागच्या दाराने गेला. त्याच शनिवारपासून त्याची सर्दी सुरू झाली.

चौथ्या शनिवारी सुलो स्वतः त्याच्या दारात गेला. गळ्यात टॉवेल. "चल. पुरळ वाफेने जातं."

सौनात आम्ही तिघेच होतो. मी खालच्या फळीवर, ते दोघे वर. सुलोने दगडांवर पाणी टाकलं. वाफ चढली. मग रेइनोने बोलायला सुरुवात केली, आणि सगळं सांगितलं. एल्मा, पाव, दोन पिना, न झाडलेली रायफल. इतकं सलग मी त्याला कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

सुलोने आणखी एक पळी पाणी टाकलं.

"म्हणजे स्वयंपाकघरात बसून ठरवलंत तुम्ही," तो म्हणाला. "म्हातारा कुत्रा बांधायचा की नाही, तसं."

"शेडमध्ये," रेइनो म्हणाला.

"शेडमध्ये. वा! मला विचारलं असतं तर जीभ झडली असती?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो! पण माझ्या तोंडाने म्हणालो असतो!"

मी फळीकडे बघत होतो. काडतुसाचं बुड मीही पाहिलं होतं, हे मीही सांगून टाकलं. सुलो म्हणाला, "तू गप्प बस, तुझी काडतुसं तरी कुठे चांगली असतात." मला जरा बरं वाटलं.

मग तो हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी संध्याकाळी मी एका हालणाऱ्या गोष्टीवर गोळी घातली. जाऊन बघितलं तर फांदीला अडकलेलं कुणाचं तरी जाकीट होतं. नारंगी, शिकारी घालतात तसलं. रिकामं होतं, देवाची कृपा. ते मी पुरलं. कुणाला सांगितलं नाही." त्याने तोंड पुसलं. "या वेळी टिक वाजलं ना, तेव्हा खरं सांगतो, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. हरणाचा राग नंतर आला."

रेइनो रडत होता की घामच होता, सौनात ते सांगता येत नाही. ती सोय आम्ही फार पूर्वीपासून वापरतो.

बाहेर आल्यावर, टॉवेलवरच, सुलोने रायफल आणली आणि रेइनोला ती पिन काढायला लावली. हातावर घेऊन बोटाने चाचपली.

"खूण नाही."

"नाही."

"का?"

"माझं काम नव्हतं ते."

"मग कुणाचं? एल्माचं? जा, कानस आण. कर खूण."

रेइनोने केली. त्या दोन रेघा आजवरच्या सगळ्यांत वाकड्या आल्या. सुलोने ती पिन घेतली, रेइनोच्या खुंटीवरच्या शर्टातली बरोबर मापाचीही मागून घेतली, आणि दोन्ही शेजारी टांगलेल्या स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकल्या.

"कुठली बसवायची ते आता मी ठरवीन."

याला सहा वर्षं झाली. सुलो दर नोव्हेंबरात मचाणावर जातो. रायफलीत कुठली पिन आहे हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही, आणि रेइनोने विचारलेलं नाही; विचारायचा हक्क आपण घालवला असं तो म्हणतो. तो शेजारच्या मचाणावर बसतो, स्वतः काही न मारता, कान टवकारून. अजूनपर्यंत सुलोच्या बाजूने गोळीचा आवाज आलेला नाही. पण दुपारी रेइनो पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भलीमोठी करंजी, खायला खाली उतरतो तेव्हा त्याच्या तोंडावरून कळतं, की सकाळपासून त्याने श्वास घेतलेला नाही.