डबा रिकामा द्यायचा नसतो

देवाकडे मागायचं तर मुद्देसूद मागावं, ही माझी जुनी सवय. सासूबाई अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हाही आमच्या कामथडीच्या भैरवनाथापुढे मी क्रमवार सांगून आले होते: हाड जुळू दे, टाके पिकू देऊ नकोस, गणपतीच्या आत घरी येऊ देत. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण एक मुद्दा माझ्याकडून राहूनच गेला होता. आईंनी खाणं सोडलं.

भिंतीकडे तोंड करून त्या पडून राहायच्या. मी मऊ भात करून नेला, मुगाचं कढण नेलं, त्यांच्या आवडीची शेवयांची खीर नेली. आधी "नगं" तरी म्हणायच्या, मग तेही थांबलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. अंगात ताकद नसेल तर त्या उभ्या राहणार नाहीत. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले. नाथाला काय सांगायचं तेच सुचेना. इतकंच म्हटलं, "मला आता कळत नाही. तूच बघ."

शेजारच्या खाटेवर भोरचे एक चाचा होते. त्यांची बायको अमिनाबी आमचं सगळं गुपचूप पाहत असत. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांना घरी सोडलं. निघताना अमिनाबींनी स्टीलचा एक छोटा डबा माझ्या हातात दिला. "तांदळाची पेज हाय ताई, जिरं घातलंय. खाल्ली तर खाल्ली." आणि सामान घेऊन त्या जिन्याकडे गेल्यासुद्धा.

कुणाची वस्तू आपल्याकडे राहिलेली मला चालत नाही. मी घाईघाईने पेज वाटीत ओतली, डबा विसळला आणि "धन्यवाद म्हणून देऊन येते" असं पुटपुटत दाराकडे धावले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"रिकामा डबा देतीयास व्हय गं?"

मी वळून पाहिलं. आईंनी भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं. कितीतरी दिवसांनी त्या पुरं वाक्य बोलल्या होत्या, आणि तेही रागावून!

"आई, त्यांची रिक्षा निघेल."

"निघंना. आपल्या घरातनं कुणाचं भांडं रिकामं गेलंय का कधी? काय म्हनल ती बाई?"

"मग इथे दवाखान्यात त्यात काय घालू? सलाईन?"

आईंच्या ओठांचा कोपरा हलला. माझाही आवाज नरमला. म्हटलं, "तुम्ही उठा, घरी चला, तुमच्या हातचे शेंगदाण्याचे लाडू भरू आणि देऊन येऊ."

त्यांनी उशीवरून मान जराशी उचलली. मग म्हणाल्या, "आण ती पेज."

खाली रिक्षा निघून गेली होती. मी चमचा भरवत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

पुढे घरी आल्यावर आईंची व्यायामाला कुरकुर सुरू झाली की मी फक्त फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवायची. एक दिवस आईंनी स्टुलावर बसून लाडू वळले आणि वॉकर घेऊन माझ्याबरोबर भोरला आल्या. एसटी स्टँडमागं विचारत विचारत घर सापडलं. अमिनाबी दारातच हसल्या. "मी म्हनलं, डबा बुडाला!" मी मनात तयार करून नेलेले धन्यवाद म्हणू लागले, तर त्यांनी हात धरून आत नेलं. "ते ऱ्हाऊ द्या. चा घ्या."

मला वाटलं, एक काम संपलं. पुढच्याच आठवड्यात चाचा आमच्या जवळच्या नसरापूरला आले होते, ते वाट वाकडी करून डबा देऊन गेले. आत नारळाच्या वड्या. त्यांच्याही घरातून भांडं रिकामं जात नाही! तेव्हापासून तो डबा कामथडी-भोर, भोर-कामथडी फिरतोच आहे. मूळचा कुणाचा, हे आता कुणी विचारत नाही.

ती पेज नाथानेच पाठवली का, हे मी कुणाला पटवायला जात नाही. पण माझं मागणं बदललं. सकाळी डोळे उघडतात तेव्हा दिवस भरलेलाच हातात आलेला असतो: नळाला पाणी, आईंच्या वॉकरची टकटक, चुलीवरचा चहा. संध्याकाळी दिवा लावताना तो दिवस नाथाला परत द्यायचा. मग दिवसभरातलं जे चांगलं आठवेल ते त्यात ठेवते, चिमूटभर का होईना. फेड होत नाही, आणि ती व्हावी असं आता वाटतही नाही.

आज डबा आमच्याकडे आहे. आई आतून ओरडतायत, "अगं, गूळ किसलास का?"