घरच्या माणसाला कसला कागद

“यांचे डोळे कधीपासून पिवळे आहेत?” बायकोची पापणी खाली ओढत डॉक्टरांनी विचारलं, आणि पांढरेकाकांच्या तोंडचं पाणी पळालं.

हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं. स्टुडिओत कोणीही फोटोला बसलं, की काका आधी त्याच्या हातात कोरा पांढरा कागद देणार आणि कागदाचाच फोटो काढणार. बल्बचा उजेड पिवळा, ढगाळ दुपारचा निळसर. आपला डोळा ते सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. पांढरं म्हणजे काय हे त्याला आधी दाखवावं लागतं, मग बाकीचे रंग ताळ्यावर येतात. “नीट धरा कागद, नाहीतर कावीळ झाल्यासारखे दिसाल,” हा काकांचा ठरलेला विनोद.

महिन्यापूर्वी बायकोला ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. घरच्या माणसाला कसला कागद, म्हणून काकांनी तिला तशीच खुर्चीत बसवली. स्क्रीनवर चेहरा पिवळा आला.

“दिवे म्हातारे झाले,” काका करवादले.

“अहो, मागचा पडदा तर पांढराच दिसतोय की.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

तिला जेवण जात नव्हतं, अंगाला खाज सुटत होती. पण ‘वय झालं’ म्हणून काकांनी तो विषय केव्हाच निकालात काढला होता. त्यांनी फोटोतला पिवळेपणा कमी केला. चेहरा झकास झाला, पडदा निळा पडला. तिथे तरी थांबायचं! पण या शहाण्याने पडदाच कापून टाकला आणि मागे नवा पांढरा रंग भरला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता पित्ताच्या नळीत गाठ निघाली होती. “महिनाभर आधी आला असतात तर सोपं होतं,” डॉक्टर म्हणाले. “आता पोट उघडल्यावरच काय ते कळेल.”

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी काका खाटेशेजारी बसले होते. शरमेने त्यांची मान वर होत नव्हती.

“अहो, अजून तेवढीच पिवळी दिसते का मी?”

काकांची नजर सवयीने आधी छतावरच्या ट्यूबकडे गेली. तिने ते पाहिलं. उशाजवळची औषधांची चिठ्ठी उचलून तिने उलटी केली आणि कोरी बाजू गालाशेजारी धरली.

“घ्या, धरला कागद,” ती म्हणाली. “आता तरी नीट बघा.”

काकांनी बघितलं. कागद पांढराच होता.