बेचिराख गावाची मोजणी

धाडच्या पुढे, जालना जिल्ह्याच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताला एक पांढरी होती. कधीकाळी गाव वसलेलं आणि मग उठून गेलेलं, अशी ती जागा. राखाडी मातीचा उंचवटा, जेमतेम एकरभर. वैजनाथरावांनी ती आधी कागदावर पाहिली. ते भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि त्यांची मोजणी चुकली असं कधी कोणी म्हटलं नाही. एका जुन्या नकाशावर त्या जागी 'बेचिराख' एवढाच शेरा होता. गावाचं नाव कसरीनं खाल्लं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी या गावाचा ध्यास घेतला. जागा जपावी म्हणून अर्ज केले. कार्यालयात सांगितलं गेलं, की पुरावा आणा. एखादं नाणं कोणाच्याही खिशातून पडू शकतं. वेगवेगळ्या जागी, नेमकी कुठे काय सापडलं याच्या नोंदीसह नाणी मिळाली, तर पुढे विचार करता येईल. पुण्याला असलेल्या मुलानं, शंतनूनं, त्यांना धातू शोधायचं यंत्र घेऊन दिलं. वैजनाथरावांनी तहसीलला लिहून दिलं, की जे निघेल ते सरकारजमा करीन. पांढरी उकंडरावांच्या शेतात होती. त्यांनीही परवानगी दिली.

वैजनाथरावांनी पांढरीवर दोऱ्या ताणून पाच-पाच मीटरचे एकशे चव्वेचाळीस चौकोन पाडले. आठवड्यातून दोन दिवस बुलढाण्याहून एसटीनं यायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि यंत्राची थाळी मातीलगत हळूहळू फिरवायची. पण ती जमीन लोखंडानं भरलेली होती. खिळे, घोड्यांचे नाल, नांगराचे तुटके फाळ, गाडीच्या चाकाच्या धावेचे तुकडे. त्यात काळा दगड आणि भाजलेल्या विटांचा चुरा, त्यामुळे यंत्र रिकाम्या जागीही गुणगुणायचं. पडद्यावरचे आकडे तर सारखे उड्या मारायचे. त्यांच्यावर विसंबणं शक्यच नव्हतं. खरं काय ते कानानंच ओळखायचं. लोखंड घोगरं गुरगुरतं, तांबं आणि चांदी बारीक टिपेला बोलते. खिळ्याशेजारी नाणं असेल तर तो बारीक आवाज गुरगुरण्यामध्ये क्षणभर येतो आणि जातो.

दोन वर्षांत त्यांनी एकशे अठरा चौकोन तपासले. पोतंभर लोखंड निघालं. नाणं एकही नाही. प्रत्येक चौकोनावर त्यांनी नकाशात लिहिलं, 'रिकामा'. शेवटी दिवाळीनंतर उकंडरावांनी विचारलं, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की आतापर्यंत तरी काही नाही. उकंडरावांनी पांढरी सपाट करायचं ठरवलं. तिची माती पिकाला चांगली, गावातले लोक कधीची मागत होते. जेसीबी सांगून ठेवला.

जेसीबी यायला नऊ दिवस राहिले होते, तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी जयमालाबाई, त्यांच्या पत्नी, सोबत आल्या होत्या. हेडफोनची वायर तुटली म्हणून वैजनाथरावांनी यंत्राचा आवाज उघड्यावर सोडला होता आणि ते चालतं का, हे जुन्याच एका तपासलेल्या चौकोनात पाहत होते. जयमालाबाई बाभळीखाली डबा सोडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, हे मधीच चिमणीवानी काय बोलून राह्यलं?"

वैजनाथरावांना आधी बाईंचं बोलणंच नीट कळलं नाही. मग त्यांनी थाळी परत त्या जागेवरून फिरवली. त्यांना फक्त गुरगुर ऐकू आली. जयमालाबाईंनी बोट वर केलं. आणखी एकदा फिरवली, पुन्हा बोट वर. त्यांनी खणलं. वीतभर खाली गंजलेला खिळा होता आणि त्याला चिकटून जाडजूड तांब्याचं नाणं, त्यावर फारसी अक्षरं.

वैजनाथराव मातीतच बसले. दोन वर्षं ज्या आवाजाची वाट पाहिली, तो त्यांच्या कानांना ऐकूच येत नव्हता. फोन वाजलेला कळत नाही, बोललेलं दोनदा सांगावं लागतं, हे जयमालाबाई कधीपासून म्हणत होत्या. त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. यंत्राचा आवाज मात्र त्यांनी महिन्यामहिन्याला वाढवत नेला होता आणि वाढवला होता तो लोखंडाचाच.

"मी खोटी मोजणी लिहिली," ते म्हणाले. "एकशे अठरा वेळा."

संध्याकाळी शंतनूनं फोनवर सुचवलं, की यंत्राचा बारीक आवाज सेटिंगमध्ये खालच्या पट्टीत आणा. त्यांनी आणून पाहिला. तो खाली आला तसा लोखंडाच्या आवाजात मिसळून गेला. मग तुटलेली वायर जोडून घेतली आणि जयमालाबाईंनीच हेडफोन घातले.

त्यानंतर दोघं रोज पहिल्या एसटीनं येऊ लागले. ते थाळी फिरवायचे, वायरीच्या अंतरानं बाई मागून चालायच्या आणि बारीक आवाज आला की त्यांच्या खांद्यावर थाप मारायच्या. दिवसभर कानात गुरगुर ऐकून बाईंचं डोकं दुखायचं, गुडघे सुजले, पण त्यांनी एक दिवसही खाडा केला नाही. एक चौकोन नीट करायला दिवस जायचा. सात दिवसांत सात चौकोन झाले, पहिलं धरून अकरा नाणी झाली. उरलेले तर होतेच. शिवाय 'रिकामा' लिहिलेले सगळे पुन्हा करायचे होते.

वैजनाथराव उकंडरावांच्या घरी गेले. निदान महिनाभर तरी थांबा म्हणाले. नाणी पुढे ठेवली. उकंडराव भले माणूस होते. त्यांनी नाणी हातात घेऊन पाहिली, चहा दिला. पण ट्रॅक्टरवाल्यांना शब्द दिला होता, जेसीबी पुढच्या गावात जायचा होता.

"दोन वर्षं मी थांबलो, साहेब," ते म्हणाले. "काही नाही निघालं, हे तुम्हीच तर सांगतलं मले."

वैजनाथरावांनी नाणी गोळा केली आणि ते उठले.

नवव्या दिवशी सकाळी जेसीबी आला. पहिलं बकेट मातीत शिरायच्या आत वैजनाथराव त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. ओरडले नाहीत, नुसते हात पसरून उभे. चालवणाऱ्यानं, जीवन त्याचं नाव, इंजिन बंद केलं. उकंडराव आले आणि घरातल्या वडीलधाऱ्याला न्यावं तसं त्यांना हाताला धरून बाजूला घेऊन गेले. दुपारपर्यंत अर्धी पांढरी ट्रॉल्यांमधून गेली.

जेवणाच्या सुट्टीत इंजिन थांबलं, तेव्हा वैजनाथरावांनी यंत्र उचललं. खोदलेल्या भागाची कड दोन पुरुष उंच उभी होती, वरून पुढे झुकलेली. सकाळी तिचा एक भाग आपोआप ढासळला होता. वैजनाथरावांनी हात लांब करून थाळी त्या कडेच्या पायथ्याशी लावली. मागे जयमालाबाई हेडफोन घालून उभ्या होत्या.

आवाज आला. एक नाही, एकाला लागून एक, दाटीवाटीनं, जणू मडकंभर काहीतरी आत होतं. सात दिवसांत त्यांनी असं ऐकलं नव्हतं. वैजनाथराव वळून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. खुरपी त्यांच्या दुसऱ्या हातात होती. जयमालाबाईंनी वर झुकलेल्या मातीकडे पाहिलं. हो म्हटलं असतं, तर ते त्या कडेखाली शिरले असते. त्यांना कोणी आवरू शकलं नसतं.

"लागलं का काही?" वैजनाथरावांनी विचारलं.

"नाही," जयमालाबाई म्हणाल्या. "नुसतं लोखंड."

सुट्टी संपली आणि पहिल्याच धक्क्याला ती कड खाली आली. माती ट्रॉल्यांमध्ये भरली गेली आणि दहा-बारा शेतांत पसरली.

अकरा नाणी आणि नकाशा वैजनाथरावांनी तहसीलमध्ये जमा केला. नकाशावरचे 'रिकामा' हे शब्द त्यांनी एकेक करून लाल शाईनं खोडले होते आणि खाली सही करून लिहिलं होतं, की ही चूक माझी आहे. पोच मिळाली. पुढे काही कळवलं गेलं नाही, आणि कळवण्यासारखी जागाही आता राहिलेली नाही.

त्या दिवशी खरं काय ऐकू आलं, हे जयमालाबाईंनी फक्त शेजारच्या स्नेहलताबाईंना सांगितलं आहे. वैजनाथराव अजून कधी कधी, जेवताजेवता, मधेच थांबून विचारतात, "त्या कडेला खरंच काही नव्हतं?"

जयमालाबाई मानेनंच नाही म्हणतात आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढतात.